तेजाबाची भरती

भांडण कुणाशी करायचं हे माणसाला उपजतच कळत असावं. कुठे करायचं हे मात्र शिकावं लागतं. नळावरचं भांडण निराळं, लग्नाच्या मांडवातलं निराळं. जिन्यात जुंपली तर वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईचं पारडं जड, हे आमच्या जुन्या वाड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. व्यासांना तर ते ठाऊक होतंच. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीनं धरून ठेवलं नसतं तर पुढचं सगळं कसं झालं असतं, हा प्रश्न मी गेली अठरा वर्षं मराठीच्या वर्गात मुलांपुढे टाकते आहे. मुलं शापाबद्दल बोलतात, अर्जुनाबद्दल बोलतात, कृष्णाला तर सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. मातीबद्दल कुणी बोलत नाही. मातीबद्दल बोलायला लागली ती आमची धाकटी, आणि तेही कुरुक्षेत्राच्या नव्हे, व्हिडिओ गेममधल्या मातीबद्दल.

मारामारीचा खेळ म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. मलाही हे खेळ अगदीच परके नाहीत. नव्वदीच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पार्लर होतं. तिथं मुली जात नसत. मी जात असे ती धाकट्या भावाला जेवायला बोलवायला, आणि मग आम्हां दोघांचीही जेवणं थंड होत. तिथल्या एका यंत्रावर १९९१ सालचा ‘स्ट्रीट फायटर टू’ असे. दोन मल्ल समोरासमोर, आणि मागे देशोदेशीचे देखावे. भारताच्या देखाव्यात सोंड हलवणारे हत्ती उभे असत आणि त्यांच्यापुढे धलसिम नावाचा एक हडकुळा योगी तोंडातून आग ओकत असे. योगसाधनेचं हे फळ आमच्या आजोबांना सांगायचं धाडस आम्हांला कधी झालं नाही. पण ते हत्ती म्हणजे आपल्या संगीत नाटकातला रंगवलेला पडदा. मागे राजवाडा असो की अरण्य, नट उभा राहतो ती फळी तीच.

१९९२ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला आणि त्यानं फळीलाच दात लावले. त्यात ‘द पिट’ नावाचा एक अरुंद पूल होता, आणि खाली खोल खड्ड्यात उभे खिळे. शेवटचा फटका हनुवटीखालून बसला की हरणारा त्या खिळ्यांवर जाऊन पडे. अमेरिकेत यावरून केवढा गहजब झाला! डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये अशा खेळांवर सुनावणी झाली, आणि पुढच्याच वर्षी खेळाच्या वेष्टणावर वयाची खूण ठरवून देणारं मंडळ स्थापन झालं. मला मात्र त्या पुलाची एक गंमत तेव्हाही वाटे. त्याला कठडा नव्हता, तरी लढाई चालू असेतो त्यावरून कुणी पडत नसे. पडायचं ते निकाल लागल्यावर. म्हणजे खड्डा होता तो मढं टाकायला. जिवंत माणसाच्या लढाईशी त्याचं काही देणं-घेणं नव्हतं.

जमिनीला खरोखर लढाईत ओढलं ते, माझ्या मते, मासाहिरो साकुराई या जपानी गृहस्थांनी. १९९९ साली त्यांचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आला. त्याची २०१८ सालची आवृत्ती माझ्या भावानं परदेशातून मुलांसाठी आणली, आणि तेव्हापासून आमच्या दिवाणखान्यात संध्याकाळी सात ते आठ रणधुमाळी असते. या खेळात मल्लाच्या नावे आयुष्याची आटत जाणारी पट्टी नसते. मार बसेल तसा पडद्याच्या तळाशी एक आकडा चढत जातो. साठ टक्के, शंभर टक्के, दीडशे टक्के. आकडा जितका मोठा, तितका पुढच्या फटक्याला माणूस लांब उडतो. पडद्याच्या हद्दीबाहेर गेला की एक जीव गेला. कडेला हात पोचला तर लोंबकळून पुन्हा वर यायचं. हरणं म्हणजे जमीन सुटणं. एवढा एक नियम बदलला आणि जमीन ही तिसरी खेळाडू झाली.

मग या जमिनीचे स्वभाव तरी किती! ‘ड्रीम लँड’मध्ये एक झाड आहे. ते मधूनच फुंकर घालून तुम्हांला कडेकडे ढकलतं. एका जुन्या किल्ल्यात वावटळ उठते आणि माणूस उचलून नेते. ‘सॅफ्रॉन सिटी’त गच्चीवरचं एक दार उघडतं आणि आतून कोणता पोकेमॉन बाहेर येईल याचा नेम नाही. एक बरा असतो, दुसरा आग ओकतो, तिसरा फुटतो. आमच्या वाड्यात घरमालकांच्या खोलीचं दार असंच होतं. मुलं या साऱ्याला ‘हॅझर्ड्स’ म्हणतात. मी विघ्नं म्हणते. थोरला यावर हसतो, पण शब्द चुकीचा आहे असं त्यानं अजून सिद्ध केलेलं नाही.

धाकटीचं लाडकं मैदान ‘ब्रिन्स्टार’. परग्रहावरची गुहा, काळोखी, ओली, शेवाळल्यासारखी. खाली तेजाबाचं तळं. हे तेजाब स्वस्थ नसतं. भरतीसारखं चढतं आणि ओसरतं. कधी पायाशी येऊन परततं, कधी सगळं खालचं मैदान गिळून वरच्या फळीपर्यंत येतं. त्याचा स्पर्श झाला की आकडा वाढतो आणि माणूस वर फेकला जातो. आणि इथेच या गुहेची खुबी आहे. एखादा कडेवरून खाली कोसळत असतो, त्याचं सगळं संपलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच तेजाब चढलेलं असलं तर ते त्याला पोळून वर भिरकावतं आणि तो पुन्हा मैदानात येऊन पडतो. ज्यानं भाजलं त्यानंच वाचवलं. आमची कन्या अशी तीनदा-चारदा वाचलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिचा मल्ल कर्बी नावाचा, गुलाबी, लाडवासारखा गोल. त्याला हवेतल्या हवेत अनेक उड्या मारता येतात. थोरल्याचा मार्थ, सडपातळ तलवारबहाद्दर. तेजाब चढलं की मार्थला उभं राहायला जागा शोधावी लागते आणि लाडू वर तरंगत राहतो.

थोरला सतरा वर्षांचा, धाकटी दहाची. त्याचे हात या यंत्रावर सात वर्षं बसलेले, तिचे दोन. तेव्हा त्याचा आग्रह ठरलेला: विघ्नं बंद. या आवृत्तीत तशी सोयच आहे. एक कळ दाबली की झाड फुंकर घालायचं थांबतं, दार उघडत नाही, तेजाब तळाशी गप्प बसतं. शिवाय जवळजवळ प्रत्येक मैदानाचं एक ‘ओमेगा’ रूप असतं. देखावा तोच, जमीन मात्र एकच लांब सपाट फळी. या सगळ्या सपाट मैदानांचं मूळपीठ म्हणजे ‘फायनल डेस्टिनेशन’. वर काही नाही, खाली काही नाही, आडोसा नाही, पायरी नाही. थोरला म्हणतो, “इथे फक्त कौशल्य. नशीब नाही.” त्याचं म्हणणं पोरकट नाही. जगभरच्या स्पर्धांमधून बहुतेक विघ्नांची मैदानं याच कारणासाठी बाद झाली आहेत. महिनोन्‌महिने तयारी करून आलेला खेळाडू दारातून कोण बाहेर आलं यावर हरावा, हे कुणालाही पटणार नाही.

धाकटीचं उत्तर मात्र मी वहीत लिहून ठेवलं आहे. ती म्हणाली, “सपाट असलं की दादाच जिंकतो. मग ते दादाचंच मैदान झालं ना?”

मी यावर बरेच दिवस विचार केला. सपाट जमीन कुणाचीच बाजू घेत नाही असं आपण धरून चालतो. पण बाजू न घेणं हेही ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्याच्याच सोयीचं पडतं. उघड्या माळावर मोठ्या सैन्याला हरवता येत नाही. महाराजांनी अफझलखानाला १६५९ साली जावळीच्या रानात उतरवलं ते काही तिथला निसर्ग दाखवायला नव्हे. खानानं वाईलाच भेट घ्यायचा हट्ट धरून ठेवला असता तर तो आमच्या थोरल्यासारखाच म्हणाला असता, की मोकळ्यावर काय तो निकाल होऊ दे.

अर्थात दहा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं निकाल देऊन मोकळं व्हावं इतकं हे सोपं नाही. विघ्नांतही तऱ्हा असतात. झाड फुंकर घालण्याआधी तोंड वळवतं. तेजाब चढताना दिसतं. अशा विघ्नांना मी खानदानी म्हणते. ती सांगून येतात, आणि एका जागी पाय रोवून बसलेल्या लबाडाला हलायला लावतात. सांगून न येणारं विघ्न म्हणजे नुसती सोडत. ‘सॅफ्रॉन सिटी’त धाकटी जिंकली, तेव्हा तिलाच फारसा आनंद झाला नाही, हे मी पाहिलं आहे. ब्रिन्स्टारमध्ये जिंकली की ती घरभर नाचते.

आणि विघ्न पाठही करता येतं. २००१ सालच्या आवृत्तीत एका मैदानाभोवती एक लहानसा ढग फिरतो. खेळाडूंनी त्याला रँडल असं नाव ठेवलं आहे. पडणाऱ्याच्या पायाखाली तो ऐन वेळी आला तर जीव वाचतो. नवशिक्याला वाटतं दैव धावलं. पण या ढगाची फेरी वीस सेकंदांची असते, आणि पडद्यावरच्या घड्याळाकडे बघून तो या क्षणी कुठे असेल हे मुरलेले खेळाडू सांगतात. म्हणजे एकाचं दैव ते दुसऱ्याचा पाढा.

एका संध्याकाळी सासूबाई जपमाळ घेऊन मागे बसल्या होत्या. पडद्यावर तेजाब चढू लागलं आणि त्या एकदम म्हणाल्या, “अगं, वर चढ, वर चढ! पाणी येतंय!” त्या पुण्याच्या नदीकाठच्या पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. खेळ थांबला. मुलांनी विचारलं आणि त्या सांगत राहिल्या. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांचं होतं नव्हतं ते गेलं, माडीवरच्यांचं वाचलं, आणि उंचावर राहणारे लोक दुपारी पूर बघायला आले. “पाणी सगळ्यांना सारखं नव्हतं रे,” त्या थोरल्याला म्हणाल्या. त्यांचा रोख खेळाकडे नव्हता, पण तो गप्प झाला.

मला त्या वेळी आमच्या परीक्षेच्या हॉलची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी पहाटेच्या एस.टी.नं दूरच्या गावाहून यायची. त्या दिवशी घाटात गाडी बंद पडली. ती पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घ्यायचं नाही, असा नियम. वरिष्ठ पर्यवेक्षकांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. “नियम सगळ्यांना सारखा, मॅडम,” ते मला म्हणाले, आणि ते खरंच होतं. बाकं सारखी, प्रश्नपत्रिका सारखी, घड्याळ एकच. इतका सपाट हॉल दुसरा मिळायचा नाही. घाट मात्र तिचा एकटीचा होता. ब्रिन्स्टारचं तेजाब निदान मार्थलाही लागतं आणि कर्बीलाही. हॉलमधल्या बाकीच्या मुलांच्या पायांना तर ओलसुद्धा लागलेली नव्हती. पुढच्या परीक्षेला ती बसली, पास झाली. तिचं ते वर्ष मात्र कुणी भरून दिलं नाही.

घरातला तंटा मिटवायला मी स्पर्धांचाच एक नियम उसना घेतला. तिथे पहिल्या डावानंतर जिंकणारा काही मैदानं बाद करतो आणि उरलेल्यांतलं एक हरणारा निवडतो. जिंकल्याला मान, हरल्याला जागा. थोरला कुरकुरला, पण नियम मोठ्या खेळाडूंचा असल्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. पहिले दोन आठवडे धाकटीनं ब्रिन्स्टार एके ब्रिन्स्टार केलं. मग थोरल्यानं काय करावं? तेजाबाची चढ-उतार इतकी न्याहाळली की परवा त्यानंच कोसळता कोसळता तेजाबावर उडी घेऊन बहिणीला चकवलं. ती क्षणभर बघतच राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

आता तिनं ‘बिग ब्लू’ शोधून काढलं आहे. तिथे मैदान असं नाहीच. भरधाव पळणाऱ्या मोटारींच्या टपांवर उभं राहून लढायचं. खालच्या रस्त्याला पाय लागला की तो तुम्हांला खेचून पडद्याबाहेर मागे नेतो. थोरला दोन दिवस डोकं धरून बसला आहे. काल म्हणाला, “इथे पाठ करण्यासारखं काहीच नाही.”

“म्हणूनच घेतलंय,” ती म्हणाली आणि तिनं कळ दाबली.