उजेडाचा हिशेब

व्यापारी घरात सहलीचा बेत ठरतो तो बहुधा दुकानाच्या सोयीने. वर्ध्याच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरीही तसेच झाले. दिवाळीची गिऱ्हाइकी ओसरली, चातुर्मास संपला आणि डिसेंबरचा पहिला आठवडा निश्चित झाला. ठिकाण ठरले चिखलदरा.

वर्ध्याच्या माणसाला डोंगर हवा असेल, तर अमरावती आणि परतवाडा मागे टाकून सातपुड्याचा घाट चढावा लागतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसले आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, ती ‘कीचकदरा’, आणि त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. भोवताली मेळघाटचे जंगल आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतील हा एक.

पहिल्या दिवशी गाविलगड पाहावा, यावर घरात एकमत होते. हा किल्ला इंग्रजांनी भोसल्यांकडून डिसेंबर १८०३ मध्ये घेतला. मतभेद झाला तो दुसऱ्या दिवसावरून. जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्याला जाणाऱ्या नातीला दरीच्या तळापर्यंत उतरायचे होते, आणि तेही आजोबांबरोबर. आजोबांचे वय अडुसष्ट. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरणारे. इच्छा मात्र त्यांचीही तितकीच होती.

आजोबांनी कागद घेतला. चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन आठ किलोमीटर व तीनशे मीटर चढ धरला, तर दोन तासांहून थोडे अधिक होतात. पण हा हिशेब सराईत, निरोगी माणसाचा. घरच्या मंडळींसाठी आजोबांनी तो दुप्पट केला: चार तास.

मग त्यांनी त्या चार तासांचे दोन असमान भाग पाडले. गडावर जाताना कष्ट आधी होतात आणि उतार नंतर येतो. दरीचा व्यवहार याच्या उलट, उधारीच्या मालासारखा. माल आधी घरी येतो. पैसे पुढे, थकलेल्या पायांनी चुकवावे लागतात. म्हणून उतरण्यास दीड तास आणि चढण्यास अडीच. दहाला निघायचे, तर साडेअकराला पाठ फिरवायची.

“आणि तळ पाच मिनिटांवर असला तर?” नातीने विचारले.

“तरी परत.”

“मग आजोबा, जायचे तरी कशाला?”

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. त्या दिवसांत तेथे सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो. दरीतला उजेड तर त्याआधीच सरतो. जंगलात अस्वले आहेत, बिबटे आहेत. घरातील सर्वांचा चौविहार असल्याने सायंकाळचे जेवण पाचच्या सुमारास व्हायचेच होते. घराचा नियम आणि जंगलाचा नियम एकाच घड्याळावर चालत होते, हे नातीच्या ध्यानात आले, तेव्हा तिचा आवाज थोडा खाली आला.

त्यानंतर आजोबांनी स्वतःचे नाव खोडले. उतारावर गुडघ्यांवर चढापेक्षा अधिक भार येतो, आणि एकाचा पाय अडला तर सर्वांचा उजेड खर्च होतो. ते वर, गाडीजवळ थांबतील. ठरलेल्या वेळेपर्यंत मंडळी वर आली नाहीत, तर वनखात्याच्या चौकीवर कळवण्याचे काम त्यांचे.

नातीला हे रुचले नाही. ती त्या रात्री फारसे बोलली नाही. सकाळी मात्र कागदावर तिच्या अक्षरात नव्या नोंदी होत्या. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक कोरकू वाटाड्या, दोन्ही आधी. न मिळाल्यास दरी रद्द. माणशी अडीच लिटर गाळलेले, उकळलेले पाणी. खाकरे, थेपले, गूळ-शेंगदाणे. विजेरी, शिट्टी, पट्ट्या. शेवटी साडेअकरा या आकड्याभोवती ठळक वर्तुळ होते.

त्याखाली आणखी एक ओळ होती: “गाविलगड : आजोबा आणि मी, सर्वांत सावकाश.”