रिकामा रकाना

आमच्या दिवाणखान्यात सागवानी चौकटीचे एक काचेचे कपाट आहे. आजोबांच्या वेळी त्यात गौरीचे मुखवटे, चांदीचे तबक आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघणारी अत्तरदाणी-गुलाबदाणी असे. गेली पस्तीस-चाळीस वर्षे त्यात दगड आहेत. नवा पाहुणा कपाटापुढे थबकतो आणि आदबीने विचारतो, "हे काचकाम कुठले?" आम्ही "दगड आहेत, जमिनीतून असेच निघतात" म्हणून सांगितले की त्याच्या मुद्रेवरचा आदर ओसरतो आणि त्याची जागा काळजी घेते. ती काळजी आमच्याविषयी असते, हे आम्ही जाणून आहो.

आमचे घराणे होळकरशाहीत साताऱ्याकडून इंदुरास आले. आजोबांचा जन्म इथलाच, तरी त्यांच्या बोलण्यात 'आपल्याकडे' म्हणजे साताऱ्याकडे. महाविद्यालयात आम्ही भूगर्भशास्त्र घेतले, तेव्हा पहिल्याच वर्षी समजले की ज्या खडकावर अजिंक्यतारा उभा आहे त्याच खडकाच्या थरांवर आपले माळव्याचे पठारही आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आजही त्या बेसॉल्टने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली. हे सांगितले तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण उगाच इतकी वर्षे हळहळलो!"

या काळ्या, रुक्ष खडकाच्या पोटात स्फटिक कसे येतात, ते थोडक्यात सांगावयास हवे. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे आत अडकतात आणि पोकळ्या राहतात. पुढे उष्ण पाणी खडकात झिरपते, त्यातील द्रव्ये आपल्यात विरघळवून घेते आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश, कणाकणाने जमवीत जाते. त्यातून गारगोटी आणि अकीक होतात, तसेच झिओलाइट कुळातले स्फटिकही. झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रॉन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिले. तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. स्टिल्बाइटचा स्फटिक मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा, बहुधा फिक्या गुलाबी-केशरी रंगाचा. स्कोलेसाइट म्हणजे शुभ्र सुयांचा फुलोरा. ओकेनाइट झिओलाइट नव्हे, पण राहतो त्यांच्याच शेजारी. कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो, आणि हात लावला की त्याचे केस कायमचे चिकटून बसतात.

पदवीनंतर आम्ही राज्य शासनाच्या सेवेत शिरलो आणि गौण खनिजांचे काम आमच्याकडे आले. खदानींची पाहणी, स्वामित्वधन, पट्ट्यांच्या नस्त्या. माळव्यातल्या एका विहिरीच्या खोदकामात पहिला स्कोलेसाइट मिळाला. त्यावर पांढरी पुटे होती, ती निघावीत म्हणून आम्ही तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला. सकाळी पाहतो तो सुयांची टोके गेलेली आणि वर लापशीसारखा थर. आम्लाने कॅल्साइट जातो, पण हे खनिज स्वतःच गळून त्याची लापशी होते, हे पुस्तकात आम्ही वाचलेले होते. परीक्षेत लिहिलेही होते! तेव्हापासून साधे पाणी, मऊ कुंचला आणि धीर, एवढ्यावरच आमचे भागते.

स्फटिक धुण्याहून महत्त्वाचे काम चिठ्ठी लिहिण्याचे. आमचे प्राध्यापक म्हणत की ज्याची चिठ्ठी हरवली तो नमुना अनाथ झाला. चिठ्ठीत चार रकाने असावेत : खनिजाचे नाव, सापडल्याचे ठिकाण, तारीख आणि कोणाकडून मिळाला. जाणकार मनुष्य दगड उचलण्याआधी चिठ्ठी वाचतो. नाव तपासून पुन्हा ठरवता येते, परंतु ठिकाण आणि हस्तांतराची हकीकत दगड स्वतः सांगू शकत नाही. ती माणसानेच सांगावी लागते, आणि खरी सांगावी लागते.

या छंदात एक गोष्ट आम्हांला नेहमी टोचत आली. काहीतरी फुटल्यावाचून स्फटिक दिसत नाही. १८६३ साली पुरा झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठी डोंगर फोडला, तेव्हा निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट विलायतेतील संग्रहालयांत गेले. पुण्याजवळ वाघोलीच्या खदानींत कॅव्हन्साइट हे गडद निळे, अतिशय दुर्मिळ खनिज मिळाले. तेही खडीसाठी खडक फोडताना. २००१ साली राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे विहीर खणताना हिरव्या अपोफिलाइटचे असे गोल झुबके निघाले की जगभरच्या संग्राहकांनी त्यांची नोंद घेतली. एक नमुना कपाटात पोहोचतो, तेव्हा त्याची कितीतरी भावंडे क्रशरमध्ये जाऊन गिट्टी होऊन रस्त्यांत पडलेली असतात. अशा वेळी उचलून आणणारा मनुष्य आपल्याला तारणहार समजू लागतो. आम्हीही समजत होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९९६ साली आमच्या टेबलावर एका खदानपट्टेदाराची नूतनीकरणाची नस्ती होती. कागदपत्रे पूर्ण होती. फक्त गावकऱ्यांची एक तक्रार होती की सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे जातात आणि खदान वस्तीच्या फार जवळ आली आहे. त्याची पाहणी आम्हीच करावयाची होती. पाहणीच्या चार-पाच दिवस आधी संध्याकाळी ते गृहस्थ घरी आले. मूळचे खानदेशातले. त्यांच्या नातेवाइकांची जळगावकडे खदान होती. त्यांनी पिशवीतून कापसात गुंडाळलेली एक वस्तू काढून मेजावर ठेवली. तळहाताहून मोठा अपोफिलाइट, पोपटी हिरवा, स्टिल्बाइटच्या गुलाबी पेंढ्यांवर बसलेला. तो हिरवा रंग अत्यल्प व्हॅनेडियममुळे येतो, हे ज्ञान त्या क्षणी आमच्या काही कामी आले नाही. आम्ही नुसते पाहत राहिलो. "साहेब, याची गिट्टीच व्हायची होती," ते म्हणाले, "तुम्हांला दगडांचा शौक, म्हणून आणला." नस्तीचा विषय त्यांनी काढला नाही. चहा घेतला आणि गेले.

इथे वाचकांना हे सांगणे भाग आहे की दिवाळीत पट्टेदारांकडून येणारे सुक्या मेव्याचे डबे आमच्या फाटकातूनच परत जात. १९६५च्या आचरण नियमांतील भेटींविषयीचे कलम आम्ही नवीन कारकुनांना समजावून सांगत असू, आणि सांगताना आमचा आवाज किंचित चढे. त्या रात्री सौ.ने विचारले, "अहो, हे परत नाही का पाठवायचं?" आम्ही म्हणालो, "अगं, दगड आहे तो. दगडाचं काय?" ती "असं होय," म्हणाली आणि तिने कपाटातली वरची फळी मोकळी करून दिली.

पाहणी झाली. टेप आम्हीच धरली होती. अंतर नियमात बसत होते, पण थोडक्यात. घरांच्या भिंतींचे तडे जुने असावेत, असे आम्ही लिहिले. 'असावेत' हा शब्द आमच्या अहवालांत फारसा येत नसे. पट्ट्याचे नूतनीकरण झाले.

त्या दगडाची चिठ्ठी आम्ही त्याच आठवड्यात लिहिली. अपोफिलाइट, स्टिल्बाइटसह, जळगाव परिसर, १९९६. चौथा रकाना नंतर भरू म्हणून रिकामा ठेवला. अपोफिलाइटला पूर्वी युरोपात मत्स्याक्ष अशा अर्थाचे एक नाव होते, कारण त्याच्या सपाट पृष्ठावर माशाच्या डोळ्यासारखी मोतिया झळाळी असते. पंचवीस वर्षे तो डोळा त्या फळीवर होता. सौ. दर शनिवारी काच पुसत असे.

निवृत्तीनंतर, २०२२ साली, शिर्डीहून नाशिकला जाताना आम्ही दोघे सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहावयास थांबलो. तिथल्या प्रकाशात ते स्फटिक पाहताना आम्हांला प्रथमच कळले की आमच्या फळीवर काय आहे. पुढे नाशिकमधील एका व्यापाऱ्याला त्याचे छायाचित्र दाखवले. त्याने जी किंमत सांगितली ती १९९६ सालच्या आमच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाहून अधिक होती. 'दगडाचं काय' हे वाक्य तेव्हा आठवले. सौ. काही बोलली नाही. तिने छायाचित्राकडे पाहिलेही नाही. ती आमच्याकडे पाहत होती.

किंमत मोठी निघाली म्हणून पश्चात्ताप झाला, असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. किंमत काहीच नसती तरी एक प्रश्न राहिलाच असता : तो दगड घरात नसता तर आम्ही टेप तशीच धरली असती का? अंतर नियमात होते, हे खरे. पण तो शब्द आम्ही लिहिला असता का? याचे उत्तर आमच्याजवळ नाही. इतक्या वर्षांनी ते कुठल्या पोकळीतून काढावे, हेही कळत नाही.

परत आल्यावर आम्ही तो दगड कापसात गुंडाळून त्या गावी गेलो. गृहस्थ वारले होते. खदान बंद पडून तिच्यात हिरवे पाणी साचले होते. मुलगा आदराने भेटला, सर्व ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "साहेब, दगडच तो. राहू द्या." आमचेच वाक्य आम्हांला परत मिळाले. येताना वस्तीतून चालत आलो. काही घरे नवी झाली होती, काहींच्या भिंतींना सिमेंटचे लेप होते. कोणते तडे कधीचे, ते आता कोणी सांगू शकत नव्हते.

शेवटी तो नमुना आम्ही एका महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला दिला. देण्यापूर्वी चौथा रकाना भरला : 'एका खदानपट्टेदाराकडून विनामूल्य. त्या वेळी त्यांची नस्ती संग्राहकाच्या निर्णयासाठी होती.' विभागप्रमुख तरुण आहेत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि संकोचाने म्हणाले, "सर, ही शेवटची ओळ मुलांना कशाला?" आम्ही म्हणालो, "यांतलीच काही मुले उद्या खनिज अधिकारी होतील." त्यांनी चिठ्ठी तशीच ठेवली.

कपाटातली वरची फळी काही दिवस मोकळी होती. मागच्या गौरी-गणपतीत सौ.ने माळ्यावरून अत्तरदाणी आणि गुलाबदाणी काढली, चिंचेने लख्ख घासली आणि तिथे आणून ठेवली. आम्ही त्यावर काही बोललो नाही. उरलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या मात्र एकेक काढून पुन्हा वाचत आहो. आणखी कुठे रकाना रिकामा राहिला नाही ना, ते पाहावयाचे आहे.