लेकीचे नाव

आमची थोरली लंडनला नर्स आहे. २०१९ साली तिने तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज सासरच्या नावाने भरायला घेतला. भारतीय पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा! दोन देशांच्या कागदांवर दोन नावे असली की ब्रिटिश पासपोर्ट अडतो. मला वाटले, नंतर बदलू. पण आपल्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमाप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. मग इथल्या पासपोर्टात कसली दुरुस्ती? जे करायचे ते आधीच.

लग्न विहारात झालेले, नोंदणी राहून गेलेली. (फोटोंचे अल्बम मात्र तीन!) सुट्टीत दोघे आले. विलंब शुल्क भरले, तीन साक्षीदार उभे केले, दाखला मिळवला. त्यावर नव्या नावाचा भारतीय पासपोर्ट निघाला.

ह्यांनी तो हातात घेतला. लेकीच्या नावापुढचे ह्यांचे नाव जाऊन जावयाचे आले होते. हे काही बोलले नाहीत. तिने शेवटचे पान उघडले. तिथे वडिलांचे नाव होते.

"ब्रिटिश पासपोर्टात हे पान नसतं, बाबा."

ह्यांनी चपला घातल्या आणि त्या पानाची झेरॉक्स काढायला गेले.