लाकडी तोफा

मागल्या वर्षी तहसील कचेरीवर मोर्चा नेला. वस्तीतली घरं नावावर करा, ही मागणी. निळे झेंडे, हलगी, दोन-अडीचशे माणसं. पायरीवर चढून मी कविता म्हटली. कविता अशी की ऐकणाऱ्याच्या कानात जाळ व्हावा. टाळ्या पडल्या. मग साहेबानं चौघांना आत बोलावलं. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि हळूच विचारलं, "गट नंबर किती? मागच्या अर्जाची पोच आणलीय?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. चहा प्यालो, बाहेर आलो. वस्तीतली एक आजी उन्हात उभी होती. म्हणाली, "काय झालं रं बाबा?" मी म्हणालो, "काम झालं आजी. निवेदन दिलं."

त्याच महिन्यात रद्दीच्या दुकानात व्हिएतनामच्या लढाईवरचं एक फाटकं पुस्तक मिळालं. तिसरी पाळी सुटल्यावर दिएन बिएन फूची लढाई वाचली आणि तो चहा पुन्हा घशाशी आला.

१९५३ च्या नोव्हेंबरात फ्रेंचांनी डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात छत्रीधारी सैनिक उतरवले. विमानं, रणगाडे, तोफा, धावपट्टी, सगळं हाताशी. समोर व्हिएत मिन्हचं सैन्य. विमान एक नाही. त्यांचा सेनापती ज्याप हा एके काळी शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. फ्रेंचांचा हिशेब साधा होता. ही भात खाणारी, अनवाणी माणसं असल्या डोंगरावर जड तोफा चढवतील कशा? आणि चढवल्याच तर पहिला गोळा सुटताच आपण त्या उडवू. त्यांचा तोफखान्याचा प्रमुख पिरोत तर छातीठोक सांगत होता, की शत्रूच्या एकाही तोफेला तीन गोळेसुद्धा नीट टाकू देणार नाही.

तोफा चढल्या. चीनकडून आलेल्या, मूळच्या अमेरिकन बनावटीच्या, एकेक दोन टनांच्या वर. माणसांनी दोर लावून ओढल्या. वीतभर ओढायची, चाकामागं लाकडी ठोकळा टाकायचा, पुन्हा वीतभर. रसद लाखो हमाल बायाबापड्यांच्या खांद्यावर आणि हजारो सायकलींवर. हँडलला बांबू बांधायचा, सीटखाली दुसरा बांधायचा आणि सायकल ढकलत न्यायची. एका सायकलीवर दोनशे किलो. आमच्या गिरणीत कापसाची एक गाठ १७० किलोची असते, म्हणून हे दोनशे किलो मला डोक्यानं नाही, कमरेनं कळले. आणि त्यातल्या बऱ्याच सायकली फ्रेंच बनावटीच्याच! विमानातून दिसू नये म्हणून रस्त्यावरच्या झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून खाली वाट झाकली.

आता फसवणूक ऐका. खऱ्या तोफा एकेक करून डोंगराच्या पोटात खोदून पुरल्या. बाहेर फक्त तोंड, तेही झाडोऱ्यानं झाकलेलं. आणि दुसरीकडं ओंडक्यांच्या खोट्या तोफा मांडल्या. खरी तोफ डागली की खोटीजवळ दारू उडवायची. जाळ दिसे तिथं फ्रेंचांचे गोळे पडत. लाकूड फुटे, तोफ शाबूत.

१३ मार्च १९५४ ला संध्याकाळी तोफा सुटल्या. पहिलं ठाणं त्याच रात्री पडलं. दोन दिवसांत पिरोतनं हातबॉम्बनं स्वतःला संपवलं. ७ मेला फ्रेंच छावणी पडली. दहा हजारांवर माणसं कैद. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचायनावर बोलणी सुरू झाली. युक्ती केली म्हणून रक्त वाचलं असं मात्र नाही. व्हिएत मिन्हची हजारो पोरं त्या खोऱ्यात गेली.

फ्रेंच फसले ते ओंडक्यांनी नाही. ते आधीच फसलेले होते. हमालाला डोकं असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. दोस्तांनो, ही नजर आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

पण मला झोंबलं ते वेगळंच. पुढं ओंडका होता, तसा मागं डोंगराच्या पोटात खरी तोफ होती. माझी कविता ओंडका होती. धूर झाला, आवाज झाला, आणि मागं काय होतं? एक पोचपावती नव्हती. साहेबाला ते चहा यायच्या आत कळलं. आणि ओंडका शत्रूला दाखवायचा असतो, तो मी आजीला दाखवला. आपल्याच माणसाला फसवलं.

आणखी एक गोष्ट. हल्ला आधी जानेवारीच्या अखेरीस ठरला होता. तोफा वर नेलेल्या, पोरं पेटलेली. ज्यापनं पाहिलं, तयारी कच्ची आहे. त्यानं हल्ला थांबवला आणि तोफा पुन्हा खाली ओढायला लावल्या. आयुष्यातला सगळ्यात कठीण निर्णय तोच, असं त्यानं पुढं सांगितलं. त्या उतरणीवर तो विन्ह दिएन नावाचा जवान निसटत्या तोफेच्या चाकाखाली गेला, पण तोफ दरीत जाऊ दिली नाही.

आपल्याला बंदूक उचलायची नाही. आपला रस्ता बाबासाहेबांनी घालून दिलाय. महाडला १९२७ साली त्यांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपण दरवर्षी आठवतो. पण त्याआधी १९२३ चा कौन्सिलचा ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. आणि नंतर कोर्टात कागद लढत राहिला, थेट १९३७ साली हायकोर्टात निकाल लागेपर्यंत. ओंजळीमागं हा डोंगर होता. आम्ही ओंजळीची कविता केली, डोंगर खोदायचा विसरलो.

आता रविवारी आम्ही पाचजण वस्तीत बसतो. घराघरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडतो. घरपट्टीच्या पावत्या, जुने अर्ज, वाळवीनं खाल्लेले उतारे. पोच सापडली. आजीच्याच पेटीत होती, नवऱ्याच्या फोटोमागं. तिला मी खरं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या दिवशीच का न्हाई बोललास?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण गट नंबर आता मला पाठ आहे.