पळसदेवला केव्हां जावें?

हिमालयांत बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळावयास जाणारे हौशी लोक, मागील हिवाळ्यांत बर्फ केव्हां व किती पडलें हें पाहून प्रवासाचा बेत ठरवितात. आम्हां बारामतीकरांना बर्फ कोठलें? तरी असाच एक हिशेब आमच्या घरींही दरवर्षीं मांडला जातो, आणि तो मांडतात थोरल्या काकू.

काकूंचें माहेर इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव. भीमेवर उजनीचें धरण झालें आणि १९८० च्या सुमारास गांवाची जुनी जागा पाण्याखालीं गेली. गांव सोलापूरच्या रस्त्याकडे उठून आलें. पळसनाथाचें प्राचीन मंदिर मात्र तेथेंच राहिलें. उन्हाळ्यांत पाणी उतरूं लागलें म्हणजे प्रथम त्याचें शिखर दिसतें; पाणी फारच ओसरलें तर पायथाही उघडा पडतो.

उजनी भरते ती मुख्यतः सह्याद्रीकडील पावसानें. उपयुक्त सांठा संपला कीं पुढचे आंकडे उणे धरतात. पावसाळ्याअखेर धरण किती भरलें आणि उणे आंकडा कोणत्या महिन्यांत लागला, एवढें मागील वर्षांशीं ताडून पाहिलें म्हणजे अदमास येतो. २०२३ सालीं पावसानें ओढ दिली. २०२४ च्या जानेवारींतच आंकडा उणे झाला. काकू म्हणाल्या, "यंदां देऊळ मोकळें होणार."

मेच्या आरंभीं आम्ही भिगवणवरून गेलों. शेवटचा टप्पा भेगाळलेल्या गाळावरून चालत काकू मंदिराशीं पोंचल्या आणि दगडी भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. परततांना एक वृद्ध शेतकरी म्हणाला, "तुम्हांला देऊळ दिसलं, पण आमचा ऊस जळाला." काकू वाटभर बोलल्या नाहींत. त्याच महिन्याच्या २१ तारखेस कळाशीजवळ वादळी वाऱ्यानें होडी उलटून सहा जण बुडाले.

२०२५ सालीं मेअखेरीचा बेत होता. परंतु त्या मे महिन्यांत बारामती-इंदापुरावर मुसळधार पाऊस कोसळला, नीरेचा डावा कालवा फुटला, आणि उजनीचें पाणी मृगापूर्वींच चढूं लागलें. सारा हिशेब चुकला! मुलें हिरमुसलीं, काकू मात्र म्हणाल्या, "देऊळ पाण्यांत आहे, म्हणजे शिवारांतही पाणी आहे."

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं मागील वर्षांचे आंकडे अवश्य पाहावेत, सकाळींच निघावें, आणि वळवाचे ढग दिसतांच होडीचा मोह सोडावा. दर्शन न घडलें तर मात्र खंत करूं नये.