श्वास देवाने दिलेला



निपाणीचा आपला मुलूख तंबाखूवर जगला. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मागताना इथल्या शेतकऱ्यांनी गोळीबारात प्राण गमावले. आजही कितीतरी आया तंबाखूच्या धुळीत खोकत विड्या वळतात आणि पोरांच्या शाळेची फी भरतात. म्हणून 'तंबाखू पाप आहे' एवढे सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही.

वडगावातल्या आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातला पंधरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "सर, लग्नात गंमत म्हणून चिरूट ओढला. धूर आत घेतलाच नाही." पण चिरुटाच्या धुरातले निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरते. आता तो टपरीवर सुटी सिगारेट घेतो. आई ज्या तंबाखूवर घर चालवते, त्याच तंबाखूत तिचे लेकरू जळते आहे.

2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी आहे. कर्नाटकाने ती मर्यादा आता 21 केली. पण कायदा टपरीपर्यंत पोचतो, मनापर्यंत घरच पोचते.

देवाने मातीच्या माणसात जीवनाचा श्वास फुंकला, असे उत्पत्तीत आहे. संत पौल करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण देतो. मुलांना हे सांगू या, पण रागावून नको, शेजारी बसवून. आणि वडीलमंडळींनो, विडी-सिगारेट आणायला मुलांना दुकानात पाठवू नका.

प्रभू, आमच्या लेकरांचा श्वास सांभाळ. आमेन.