आमच्या नौकेचे पहिले वर्ष

मिशिगनमध्ये सरोवराकाठी राहावयास आल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही जलक्रीडेची जुनी नौका घेतली. किंमत पाहिली, आसने पाहिली; तळाचे पाणी काढावयाच्या भोकाचे बूच मात्र पाहिले नाही. पहिल्याच दिवशी उतारावरून नौका पाण्यात गेली आणि पायाशी पाणी चढू लागले. ती अजून ट्रेलरलाच बांधलेली होती, म्हणून निभावले. आता नौका बाहेर काढली की मी ते बूच किल्लीलाच अडकवून ठेवते.

या फजितीचे नंतर हसू झाले. दुसरी चूक हसण्याजोगी नव्हती. नौका संथ चालत असता धाकटी मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, डोकं दुखतंय गं." ऊन लागले असेल, असे मला वाटले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हे काठावरून पाहिले होते. संध्याकाळी मुद्दाम येऊन त्यांनी सांगितले, की इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड नेमका तेथेच साचतो. त्याला ना रंग, ना वास. त्या रात्री मला झोप लागली नाही. इंजिन चालू असता त्या फळीवर आता कोणी बसत नाही. पाण्यातला पंखाही तिकडेच फिरतो, म्हणून पोहणारा जवळ येताच इंजिन बंद.

दोरीमागे कोणी असेल, तर चालकाखेरीज एकाने त्याच्यावर नजर ठेवावी. येथे तसा कायदाच आहे. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवून पेट्रोलची कोंडलेली वाफ बाहेर काढावी. आमच्या यजमानांना ही चार मिनिटे अजून जड जातात. धाकटी घड्याळ पाहून मोठ्याने मोजते. तोवर किल्ली तिच्या मुठीत असते.